दोन नाण्यांवर उरलेला सम्राट

फ्रान्समधल्या नांत शहराजवळ ले क्लेआँ नावाच्या जागी 1900 साली रोमन नाण्यांचा एक साठा सापडला. नाणी तिसऱ्या शतकातली, तांब्यात नावापुरती चांदी मिसळलेली. युरोपच्या शेतांतून अशी नाणी आजही ढिगांनी निघतात. पण त्यातलं एक नाणं वाचताना अभ्यासक अडखळले. किरणांचा टोकदार मुकुट घातलेला दाढीवाला चेहरा, आणि भोवतीच्या अक्षरांत नाव डोमितियानुस. या नावाचा एक सम्राट रोममध्ये होऊन गेला होता खरा, पण त्याचा खून झाला सन 96 मध्ये. या नाण्याचा धातू, मुकुट, अक्षरांचं वळण, सगळंच सांगत होतं की हे त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी पाडलेलं आहे.

मग हा दुसरा डोमितियानुस कोण? त्या काळात गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स आणि आसपासचा मुलूख, रोमपासून फुटून निघाला होता. 260 ते 274 अशी चौदाएक वर्षं तिथे वेगळे सम्राट राज्य करत होते. त्या धामधुमीत डोमितियानुस नावाच्या कुणाचे जुन्या ग्रंथांत एकदोन ओझरते उल्लेख आहेत. झोसिमस या ग्रीक इतिहासकारानं ऑरेलियन सम्राटाविरुद्ध उठलेल्यांत हे नाव घेतलं आहे, बस्स. तो सम्राट झाला होता असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे बऱ्याच जाणकारांनी नाणं बनावट ठरवलं. नाणं नांतच्या संग्रहालयात राहिलं आणि सम्राट यादीबाहेर राहिला.

एकशे तीन वर्षं गेली. 2003 मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या चाल्ग्रोव्ह गावी एका मेटल डिटेक्टरवाल्याला जमिनीत एक मडकं लागलं. आत 4,957 नाणी होती, पण कळंक चढून सगळ्यांचा एकच गोळा झाला होता. ब्रिटिश म्युझियममध्ये तज्ज्ञांनी ती एकेक करून सुटी केली, साफ केली, वाचली आणि नोंदवली. त्यात एका नाण्यावर तोच चेहरा आणि तेच नाव निघालं. फ्रान्समधल्या नाण्याशेजारी त्याचा फोटो ठेवला, तर दोन्ही नाणी दोन्ही बाजूंनी एकाच ठशांची! सोळा-सतरा शतकं बंद राहिलेल्या मडक्यात कुणी बनावट नाणं सारलेलं असणं शक्य नव्हतं, आणि इंग्लंडमधलं नाणं खरं तर फ्रान्समधलंही खरं. रोमच्या सम्राटांच्या यादीत एक नाव वाढलं. साल बहुधा 271, कारकीर्द फार तर काही आठवड्यांची. या माणसानं सम्राटपद धारण केलं होतं याचा आज जगात असलेला सगळा पुरावा म्हणजे ही दोन नाणी.

मला या हकिकतीत सर्वांत थोर वाटतो तो भाग मडकं सापडण्याचा नाही. जवळजवळ पाच हजार एकसारखी दिसणारी, काळवंडलेली, बाजारात फारशी किंमत नसलेली नाणी कुणीतरी एकही न सोडता वाचली, हा खरा पराक्रम. एखाद्यानं वरची पन्नास पाहून बाकीची तशीच सोडली असती, तर डोमितियानुस आजही बनावट ठरलेला असता.

एकाच ठशाची नाणी हा पुरावा इतका भक्कम का, हे समजण्यासाठी रोमन टांकसाळीत डोकवावं लागतं. तिथे यंत्र नव्हतं. एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे, त्यावर सम्राटाचं मुख उलटं कोरलेलं. त्यावर तापवलेली धातूची चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. दोन्ही बाजू एकदम उमटल्या की नाणं तयार. हे ठसे कारागीर हातानं कोरत. त्यामुळे एकाच सम्राटाचे, एकाच मजकुराचे दोन ठसे घेतले तरी कुठे नाकाचा उतार वेगळा असतो, कुठे मुकुटाच्या फितीचं टोक एका अक्षराला चिकटतं तर कुठे दोन अक्षरांच्या मधे येतं. ज्याची नजर तयार आहे तो दोन नाणी शेजारी ठेवून सांगू शकतो की ही एका ठशातून निघाली, म्हणजे एकाच टांकसाळीत, एकाच सुमारास. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका विशिष्ट लोखंडी तुकड्यापर्यंत आपण असे पोचतो. तो तुकडा केव्हाच गंजून मातीत गेला, पण त्यानं ठोकलेली नाणी हजारो मैलांवर विखुरली तरी एकमेकांना ओळख देतात.

वरचा ठसा घाव खाऊन लवकर झिजे, खालचा जास्त टिके. म्हणून एका मुखठशाबरोबर अनेक पाठठसे वापरलेले दिसतात आणि त्यांची साखळी जुळवता येते. इ.स.पू. 82 मध्ये पुब्लियस क्रेपुसियस नावाच्या टांकसाळ अधिकाऱ्यानं तर पाठठशांवर ओळीनं आकडेच कोरून घेतले होते, आणि ते पाचशेच्या आसपास जातात. ती नाणी आज क्रमानं मांडली तर एका टांकसाळीचं कामकाज ठशागणिक डोळ्यांपुढून सरकतं. कधी घाई नडे. ठोकलेलं नाणं ठशातच अडकून राही आणि कारागीर तसाच पुढची चकती ठेवून घाव घाली. मग त्या नव्या नाण्यावर एका बाजूला मुख उठावात आणि दुसऱ्या बाजूला तेच मुख खोलगट, उलटं उमटे. असं नाणं पाहिलं की त्या कारागिराची घाई अंगावर येते. त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही, पण त्याची एका क्षणाची चूक आपल्या तळहातावर असते.

आता एक नाणं जवळून पाहू. तिबेरियस सम्राटाचं चांदीचं देनारियस. तिबेरियसची कारकीर्द सन 14 ते 37. नाणं आपल्या रुपयापेक्षा लहान, जेमतेम 18 ते 19 मिलिमीटर व्यासाचं, वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. मुखाच्या बाजूला उजवीकडे पाहणारं डोकं, केसांवर लॉरेलच्या पानांचा मुकुट, मानेवर त्याच्या फितीची लोंबणारी टोकं. भोवतीच्या अक्षरांत लॅटिन संक्षेपात लिहिलंय की हा तिबेरियस सीझर ऑगस्टस, दिव्य ऑगस्टसचा पुत्र. चार शब्दांत दोन दावे आले. बाप देव झाला, आणि मी त्याचा वारस. तिबेरियस हा ऑगस्टसचा दत्तक मुलगा, पण नाण्याला तो तपशील सांगायचा नाही. पाठीवर आसनस्थ स्त्री, एका हातात दंड, दुसऱ्या हातात डहाळी. बहुतेक अभ्यासक तिला सम्राटाची आई लिव्हिया मानतात. बाजूला मजकूर, मुख्य पुरोहित या अर्थाचा. टांकसाळ लुग्दुनुम, म्हणजे आजचं लिऑन. बायबलमध्ये कराच्या प्रश्नावर येशूला जे नाणं दाखवलं गेलं ते हेच असावं अशी पूर्वापार समजूत आहे. आणि हेच नाणं भारतात शेकड्यांनी सापडलं आहे. त्याकडे येऊच.

रोमन नाण्यांवर साल नसतं, तरी त्यांचं साल काढता येतं. सम्राटाला ट्रिब्यूनची, म्हणजे लोकांच्या प्रतिनिधीची, सत्ता दरवर्षी नव्यानं मिळे आणि तिचा आकडा नाण्यावर येई. तो कितव्यांदा कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठीचा सर्वोच्च अधिकारी, झाला तेही येई. ट्राजन सम्राट पाचव्यांदा कॉन्सल झाला 103 मध्ये, सहाव्यांदा 112 मध्ये. म्हणजे ज्या नाण्यावर त्याच्या नावापुढे कॉन्सल पाच आहे ते 103 ते 111 च्या दरम्यानचं. दासियाचा विजय झाला की त्याला मिळालेली पदवी नाण्यावर आली, पार्थियाची मोहीम झाली की तीही. पुढच्या काळात पाठीच्या तळाशी बारीक अक्षरांत टांकसाळीची खूणही येऊ लागली. चौथ्या शतकातल्या एका चिमुकल्या तांब्याच्या नाण्याच्या तळाशी पी-एल-ओ-एन अशी अक्षरं दिसली तर पहिलं अक्षर म्हणजे पहिला कारखाना आणि बाकीची तीन म्हणजे लंडन. ही टांकसाळ 325 च्या सुमारास बंद झाली, म्हणजे नाणं त्याआधीचं. नखाएवढ्या धातूवर एवढी माहिती मावते. म्हणूनच ज्या सम्राटाचा एकही धड चरित्रकार नाही त्याची कारकीर्द नाणी लावून लिहिता येते.

नाणी जमवण्याचा छंद रोमन लोकांनाही होता. रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो की ऑगस्टस सणाच्या भेटी म्हणून जुनी राजेरजवाड्यांची आणि परदेशी नाणी देत असे. पुढे चौदाव्या शतकात पेत्रार्क हा कवी रोमन नाणी गोळा करी. 1354 मध्ये मांतुआ इथे सम्राट होऊ घातलेल्या चौथ्या चार्ल्सची भेट झाली तेव्हा त्यानं आपल्याजवळची काही सोन्याचांदीची नाणी त्याला दिली, या पूर्वजांकडे पाहा आणि तसे व्हा, असं सांगत. सम्राटाला उपदेश करायला इतिहासाचा एवढा बोलका पुरावा त्याला दुसरा सापडला नसता.

जमवणं आणि नोंदवणं यांत मात्र मोठं अंतर आहे, आणि ते अंतर कापायला चार शतकं लागली. व्हिएन्नाच्या राजसंग्रहात काम करणाऱ्या योसेफ एकेल या जेझुइट विद्वानानं 1792 ते 1798 या काळात प्राचीन नाण्यांवर आठ खंड लिहिले आणि विस्कळीत माहितीला शास्त्राचं रूप दिलं. शेवटचा खंड निघाला त्याच वर्षी तो वारला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आंरी कोअँनं साम्राज्यकाळातल्या नाण्यांची प्रचंड सूची केली. त्यानं प्रत्येक सम्राटाची नाणी पाठीवरच्या मजकुराच्या वर्णानुक्रमानं लावली. संग्राहकाला नाणं शोधायला ही पद्धत फार सोयीची, पण तिच्यात 70 सालचं रोमचं नाणं आणि 75 सालचं दुसऱ्या टांकसाळीचं नाणं शेजारी येऊन बसे. काळ आणि जागा दोन्ही हरवत.

हॅरॉल्ड मॅटिंगली आणि एडवर्ड सिडनम या इंग्रज अभ्यासकांनी हे उलटवलं. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या त्यांच्या सूचीचा पहिला खंड 1923 मध्ये आला. रचना सम्राट, मग टांकसाळ, मग वर्ष अशी. दहावा खंड यायला 1994 उजाडलं. ज्यांनी काम सुरू केलं ते शेवट पाहायला नव्हते, तरी काम थांबलं नाही. जुने खंड जुने झाले म्हणून ते नव्यानं लिहिले जात आहेत. हेड्रियनचा नवा खंड 2019 मध्ये निघाला. प्रजासत्ताकाच्या काळातल्या नाण्यांसाठी मायकेल क्रॉफर्डची 1974 ची सूची आहे. आज जगातला कुठलाही नाणकशास्त्रज्ञ क्रॉफर्ड 508/3 एवढं म्हणाला की दुसऱ्याला कळतं की हा ब्रूटसचं ते नाणं म्हणतो आहे. एका बाजूला ब्रूटसचं मुख, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मधे गुलामीतून मुक्त झालेल्यानं घालायची टोपी आणि खाली 15 मार्चची तारीख. सीझरच्या खुनाची जाहिरात खुन्यानंच नाण्यावर केली होती, आणि रोमन इतिहासकार कॅसियस डिओनं त्या नाण्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीनं 2012 पासून साम्राज्यकाळातल्या 40,000 हून अधिक प्रकारांची ही सगळी यादी इंटरनेटवर खुली केली आहे. कुणालाही, फुकट. लॅटिन येत नसलं तरी चालतं. सम्राट, टांकसाळ, देवता, अक्षरं असं काहीही टाकून शोधता येतं आणि प्रकारासोबत जगभरच्या संग्रहालयांतल्या प्रत्यक्ष नाण्यांचे फोटो समोर येतात. एकेकाळी हे खंड पाहायला मोठ्या शहरातलं मोठं ग्रंथालय गाठावं लागे. आज ते काम अकोल्यात किंवा सावंतवाडीत बसून होतं. ज्ञानाच्या क्षेत्रातली इतकी उदार गोष्ट मला तरी दुसरी चटकन आठवत नाही.

सूचीत शेजारी ठेवल्यानं काय उजळतं त्याचं एक उदाहरण फार गोड आहे. 286 मध्ये कॅरॉशियस नावाच्या आरमारी सेनापतीनं ब्रिटन बळकावलं आणि स्वतःला सम्राट म्हणवलं. त्याच्या चांदीच्या नाण्यांच्या तळाशी तीन अक्षरं असत, आर-एस-आर. ती खजिन्याच्या कुठल्याशा अधिकाऱ्याच्या पदनामाची आद्याक्षरं असावीत असं लोक मानत. त्याच्याच एका पदकावर आणखी सहा अक्षरं होती, त्यांचा कुणालाच उलगडा नव्हता. गाय द ला बेदोयेर या अभ्यासकानं 1998 मध्ये ही दोन्ही अक्षरजुळवणी एकत्र वाचली आणि कोडं सुटलं. रोमन कवी व्हर्जिलच्या चौथ्या गोपगीतात सुवर्णयुग परतण्याच्या दोन लागोपाठच्या ओळी आहेत. तीन अक्षरं ही पहिल्या ओळीच्या शेवटच्या शब्दांची आद्याक्षरं, आणि सहा ही दुसऱ्या ओळीच्या सर्व शब्दांची. साम्राज्याच्या टोकावर बंड करून बसलेला एक दर्यावर्दी आपल्या नाण्यावर व्हर्जिलची आद्याक्षरं कोरतो, आणि ती ओळखू शकणारे लोक तिसऱ्या शतकातल्या ब्रिटनमध्ये आहेत असं धरून चालतो. इतिहासाच्या पुस्तकात तो चाचा म्हणून येतो. नाण्यावर तो कवितेचा जाणकार निघतो.

जिथे किंमत तिथे नक्कल. सोळाव्या शतकात पादुआच्या जोवानी काविनोनं रोमन नाण्यांच्या इतक्या देखण्या प्रतिकृती केल्या की त्या आज स्वतःच संग्रहणीय आहेत. त्याचा हेतू बहुधा फसवण्याचा नव्हता. कार्ल व्हिल्हेल्म बेकरचा मात्र होता. एकोणिसाव्या शतकातला हा जर्मन ठसेकार नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून ती लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत घालून आपल्या घोडागाडीखाली बांधी आणि खडबडीत रस्त्यांवरून फिरून येई, असं सांगतात. त्याचे ठसे आज नोंदवलेले आहेत, म्हणून त्याची नाणी ओळखता येतात. नक्कल पकडायलाही सूचीच लागते.

आता भारताकडे वळू. रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात तक्रार केली होती की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून किमान 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो. एका सुवर्णनाण्याला 100 सेस्टर्स या हिशेबानं हे 5 लाख सोन्याची नाणी होतात. आकडा फुगवलेला असेल, पण नाणी इथे आली हे खरं. नेल्लोरजवळ अठराव्या शतकाच्या अखेरीस नांगर चालवताना रोमन सुवर्णनाणी निघाल्याची नोंद या विषयातली अगदी सुरुवातीची आहे. त्यानंतर कोइमतूरच्या परिसरात, आंध्रात, केरळात साठ्यांमागून साठे मिळाले. चांदीत सर्वाधिक भरणा ऑगस्टस आणि तिबेरियस यांच्या दोन-तीन प्रकारांचा, त्यातलाच एक आपण वर पाहिला तो. नंतरच्या सम्राटांची चांदी इथे कमी. 64 मध्ये नीरोनं देनारियसचं वजन आणि चांदीचा कस दोन्ही उतरवले. इथल्या व्यापाऱ्यांना हे कळलं असणार आणि त्यांनी जुनी, चोख नाणीच पसंत केली असणार, असा अभ्यासकांचा तर्क आहे. प्लिनीनंच सिंहलद्वीपाच्या राजाची गोष्ट दिली आहे. वेगवेगळ्या राजांची मुखं असूनही सगळ्या देनारियसचं वजन सारखं पाहून त्याला रोमन लोकांच्या सचोटीचं कौतुक वाटलं होतं. आपले पूर्वज चेहऱ्याकडे पाहत नव्हते, तराजूकडे पाहत होते.

तामिळनाडूत पुदुक्कोट्टईला 1898 मध्ये मिळालेल्या सुमारे 500 सुवर्णनाण्यांवर एक विलक्षण गोष्ट आहे. बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावरून छिन्नीचा खोल घाव घातलेला आहे. कस तपासायला? पण मग झिजलेल्या नाण्यांनाच तो का? ती चलनातून बाद केल्याची खूण म्हणून? कारणावर आजही एकमत नाही. काही रोमन सुवर्णनाण्यांना इथे कडी लावलेली किंवा दोन भोकं पाडलेली आढळतात. कुणीतरी ती पुतळ्यांच्या माळेसारखी गळ्यात घातली होती. ज्या सूचीत फक्त सम्राट आणि प्रकार नोंदला जातो, तिथे हे घाव आणि ही भोकं ‘दोष’ म्हणून येतात. माझ्या मते तेच नाण्याचं भारतीय आयुष्य आहे, आणि त्याची मोजमापासह नोंद व्हायला हवी.

महाराष्ट्राची स्थिती वेगळी आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तेर, तिथून माल भडोचला उतरतो, असं त्यात आहे. रोमन सोन्याचांदीची नाणी भडोचला आणली तर स्थानिक चलनाशी बदलताना नफा होतो, हेही त्यानं नोंदवलं आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. तेरला रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकं मिळाली. एवढा व्यापार असूनही दक्षिणेत सापडतात तसे देनारियसचे मोठे साठे इथे नाहीत. इथे आलेली चांदी वितळवून पश्चिम क्षत्रपांनी आपली नाणी पाडली असावीत, असा एक अंदाज आहे. त्या क्षत्रपांपैकी नहपानाची नाणी हातात घ्या. एका बाजूला राजाचं मुख, भोवती ग्रीक अक्षरं. नाण्यावर राजाचा चेहरा हवा ही पश्चिमेची रीत सह्याद्रीपाशी कशी मुरली ते त्यात दिसतं.

1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा पराभव शिलालेखात आहेच, पण इथे तो हजारो वेळा, प्रत्येक नाण्यावर वेगळ्या कोनातून ठोकलेला आहे. रेव्हरंड स्कॉट यांनी तो साठा तपासून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून आपल्याला हे आकडे माहीत आहेत. त्याच नाशिकजवळ अंजनेरीला आज नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, त्या परमेश्वरीलाल गुप्तांनी आंध्रातल्या रोमन नाण्यांची सूची 1965 मध्ये प्रसिद्ध केली होती.

नाणं कुठे आणि कसं सापडलं याची नोंद नाण्याइतकीच मोलाची का, हे 2010 मध्ये इंग्लंडात सॉमरसेट परगण्यातल्या फ्रोम गावाजवळ दिसलं. एका छंदिष्टाला जमिनीत घडा लागला. काही नाणी वर आली आणि तो थांबला. पुढे न खणता त्यानं पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. घड्यात 52,503 नाणी होती, वजन सुमारे 160 किलो. तज्ज्ञांनी ती थरांनी काढली. साठ्यातली सर्वांत नवी नाणी कॅरॉशियसची. कुणी वर्षानुवर्षं साठवत गेलं असतं तर ती वरच्या थरात आली असती. ती खूप खोल निघाली. म्हणजे सगळी नाणी एकाच वेळी ओतली होती. आणि पातळ मातीचा तो घडा एवढं ओझं पेलून उचलता आला नसता, तेव्हा तो आधी जमिनीत पुरला आणि मग भरला. संकटात पैसे लपवले, या नेहमीच्या उत्तराऐवजी हे देवाला केलेलं अर्पण असावं का, असा विचार तिथून सुरू झाला. त्या माणसानं घडा उपसून काढला असता, तर 52,503 नाणी मिळाली असती आणि हा विचार कुणाच्या मनातही आला नसता.

याच्या उलट टोकाला ब्रूटसच्या त्याच खंजीरवाल्या प्रकाराचं सोन्याचं नाणं. 2020 मध्ये लंडनच्या लिलावात ते 30 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेलं. नंतर उघड झालं की त्याच्या पूर्वीच्या मालकीचे कागद खोटे होते. 2023 मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं. नाणं ग्रीसला पोचलं, पण ते कुठल्या जमिनीत होतं आणि त्याच्या शेजारी काय होतं, ते कायमचं गेलं.

तुम्हाला हा छंद लागावा असं मला मनापासून वाटतं. घ्यायचंच असेल तर भारतात कायदेशीरपणे, पावतीसह, पूर्वीच्या मालकीची माहिती देणाऱ्याकडूनच घ्या. प्रत्येक नाण्याचं वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा मजकूर, मुखाच्या तुलनेत पाठीची चित्रं कुठल्या दिशेला वळली आहेत ते आणि सूचीतला क्रमांक लिहून ठेवा. जुन्या मालकाची हस्तलिखित चिठ्ठी असेल तर ती फेकू नका, ती नाण्याच्या इतिहासाचा भाग आहे. पण नाणी विकत न घेताही हा छंद होतो. संग्रहालयातलं एक नाणं निवडा, त्याचा फोटो समोर ठेवा आणि खुल्या सूचीत त्याचा प्रकार शोधून काढा. पहिल्यांदा वेळ लागेल, आणि अक्षरं जुळतील तेव्हा होणारा आनंद तुमचा तुम्हालाच कळेल.

आणि शेतात, विहिरीच्या खोदकामात, घराच्या पायात जुनी नाणी लागली तर ती चिंच, लिंबू किंवा राखेनं घासू नका. भांडं असेल तर उपसू नका, आहे तसं ठेवा आणि फोटो काढा. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे 10 रुपयांहून अधिक किमतीचं जमिनीतलं पुरलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं गुन्हा आहे. तहसील कार्यालयात अर्ज द्या, पुरातत्त्व खात्याला कळवा, आणि अर्जात जागा, खोली आणि तारीख न विसरता लिहा.